सोयाबीननंतर नांगरट न करता फणाच्या पेरणी यंत्राने हरभरा पेरताना खोली आणि उगवण कशी सांभाळावी?

मांजराकाठ (जि. लातूर) यांचा प्रश्न

सर्व जाणकारांना नमस्कार.

आमची जमीन मध्यम ते भारी काळी असून खरिपात सोयाबीन आणि त्याच रानात रब्बीला हरभरा, असा फेर अनेक वर्षांपासून चालू आहे. पूर्वी हरभरा बैलांच्या तिफणीने पेरला जात असे. आता गावात बैलजोड्या जवळजवळ राहिलेल्या नाहीत, त्यामुळे ट्रॅक्टरला जोडायचे सात फणांचे पेरणी यंत्र आम्ही वापरतो. त्याला बियाण्याची आणि खताची अशा दोन वेगळ्या पेट्या आहेत, बियाणे खाचांच्या रोलरमधून नळीत पडते आणि रोलरला गती जमिनीवरून फिरणाऱ्या चाकाकडून साखळीने मिळते.

गेल्या रब्बीत सोयाबीनची काढणी हार्वेस्टरने झाली आणि ओल उडून जाऊ नये म्हणून नांगरट किंवा रोटाव्हेटर न करता थेट पेरणी केली. उगवण मात्र सारखी आली नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या चाकोरीत येणाऱ्या दोन ओळी विरळ राहिल्या आणि उशिरा उगवल्या, काही ठिकाणी बियाणे उघडेच दिसत होते, एक ओळ तर अर्ध्या तासापर्यंत (म्हणजे रानाच्या अर्ध्या लांबीपर्यंत) रिकामी गेली. हार्वेस्टरमागे गुळीचे (मळणीतून पडणाऱ्या सोयाबीनच्या भुशाचे) पट्टे पडले होते, त्या जागी फणांत काड गुंतून सगळेच पुढे ओढले जात होते.

मला विचारायचे आहे ते असे, की थेट पेरणीची ही पद्धत आमच्या जमिनीत चालू ठेवावी की किमान एक वखरपाळी द्यावी, हरभऱ्याचे बी नेमके किती खोल पडले पाहिजे, आणि एकरी बियाणे ठरवल्याप्रमाणे पडते आहे याची खात्री पेरणी सुरू होण्यापूर्वी कशी करावी. दोन ओळींत 30 सेंमी ठेवावे की सोयाबीनसाठी लावलेले 45 सेंमी तसेच राहू द्यावे, याविषयीही गावात मतभेद आहेत. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वाफसा (कृषी अभियांत्रिकी, परभणी) यांचे उत्तर

नमस्कार दादा. आपण वर्णन इतके नीट केले आहे की बहुतेक कारणे त्यातच दिसतात. मी खोलीपासून सुरुवात करतो, कारण फणाच्या यंत्रात उगवण बिघडते ती प्रामुख्याने खोली बिघडल्यामुळे, आणि दोष मात्र बियाण्याला दिला जातो.

हरभरा आणि सोयाबीन यांच्या उगवणीची रीत मुळातच वेगळी आहे. सोयाबीनची दले माती फोडून वर येतात, म्हणून ते 3 ते 5 सेंमीपेक्षा खोल गेले किंवा वर खपली धरली तर कोंबाची मान मोडते. हरभऱ्याची दले जमिनीतच राहतात आणि वर येतो तो फक्त टोकदार कोंब, त्यामुळे हरभरा खोल पेरणी सहज सोसतो. कोरडवाहू हरभऱ्याचे बी 10 सेंमीपर्यंत आणि बागायती हरभऱ्याचे 5 सेंमीच्या आसपास पेरण्याची शिफारस आहे, आणि त्यामागचे कारण हेच की कोरडवाहू रानात वरचा थर झपाट्याने सुकतो आणि बियाणे ओलीतच टेकले पाहिजे. खरिपात सोयाबीनसाठी लावलेली खोली तशीच ठेवून रब्बीत हरभरा पेरला, तर बी कोरड्या थरात पडणार हे उघड आहे. आपल्याकडे उशिरा उगवलेल्या रोपांचे कारण बहुधा हेच असावे.

खोली मोजण्याची एक खात्रीची रीत सांगतो. हरभरा उगवून आला की रोप खुरप्याने अलगद उकरून काढावे. मूळ दाणा खालीच चिकटलेला असतो, आणि त्या दाण्यापासून हिरवा रंग सुरू होतो तिथपर्यंतचा पांढरा देठ म्हणजे बी पडल्याची खोली. सातही ओळींतली चार-चार रोपे अशी काढून ओळीने मांडली, तर कोणता फण उथळ चालतो आणि कोणता खोल, हे पट्टीने मोजता येते आणि त्यावर वाद राहत नाही. पेरणीच्या दिवशीही पहिले तास झाल्याबरोबर ट्रॅक्टर थांबवून प्रत्येक ओळीत हातभर लांबीची माती बाजूला सारून बी पाहावे.

चाकोरीतील दोन ओळींचे कारण सरळ आहे. 13.6-28 मापाचा मागचा टायर सुमारे 34 सेंमी रुंद असतो आणि ओलसर काळ्या जमिनीत तो माती दाबून खाली बसवतो. सगळे फण एकाच पातळीत बांधलेले असतील, तर चाकोरीतल्या फणाला माती कमी लागते आणि जी लागते ती दाबलेली व कठीण असते. फण स्प्रिंगचा असेल तर तो मागे झुकून आणखी उथळ होतो. यावर उपाय म्हणजे त्या दोन फणांचे क्लॅम्प सैल करून, चाकोरी जितकी खाली बसते तितके ते फण खाली घ्यावेत आणि त्यांच्या स्प्रिंगचा ताण वाढवावा. शक्य असल्यास त्यांच्या पुढे चाकोरी मोकळी करणारा एक-एक दाता बसवून घ्यावा. गावातला लोहारही ते काम करू शकतो.

यानंतर यंत्राची पातळी पाहावी. सपाट जागी यंत्र टेकवून मागे उभे राहावे आणि डावी-उजवी बाजू सारखी आहे का ते पाहावे, नंतर बाजूने पाहावे. टॉप लिंक (ट्रॅक्टर आणि यंत्र यांना वरून जोडणारा, लांबी बदलता येणारा दांडा) आखूड झाली की यंत्र पुढे झुकते, पुढच्या रांगेतले फण खोल जातात आणि मागच्या रांगेतले वरच्या वर चालतात. एकाआड एक ओळीची खोली वेगळी दिसली, तर यंत्रात दुसरा दोष शोधण्यापूर्वी टॉप लिंक तपासावी. खोली ठरवणारी चाके पेरताना जमिनीला टेकलेली असली पाहिजेत. यंत्र हायड्रॉलिकवर अर्धवट लटकत राहिले, तर उंचवट्यावर फण रुततात, खोलगट जागी वर उचलले जातात आणि रोलर फिरवणारे चाकही मधूनमधून अधांतरी राहून बी पडायचे थांबते.

आता बियाण्याचे प्रमाण. विजयसारख्या वाणाला हेक्टरी 65 ते 70 किलो आणि विशाल, विराट यांसारख्या टपोऱ्या दाण्यांच्या वाणांना 100 किलो बियाणे सांगितले जाते. यंत्रावरचा काटा कितव्या आकड्यावर ठेवायचा हे कोणाला विचारून ठरवू नये, कारण दाण्याचा आकार, बीजप्रक्रियेचा लेप आणि रोलरची झीज यांनुसार एकाच आकड्यावर वेगवेगळे वजन पडते. यंत्र जॅकवर किंवा विटांवर उचलून घ्यावे, पेटी अर्धी भरावी, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधावी आणि चालवणारे चाक हाताने सावकाश 20 वेळा फिरवावे. चाकाचा घेर 1.25 मीटर असेल तर 20 फेऱ्यांत यंत्र 25 मीटर गेले असे धरता येते. सात फण आणि 30 सेंमी अंतर म्हणजे कामाची रुंदी 2.1 मीटर, म्हणून क्षेत्र 52.5 चौरस मीटर झाले. हेक्टरी 70 किलो म्हणजे चौरस मीटरला 7 ग्रॅम, तेव्हा सगळ्या पिशव्यांतले बी मिळून सुमारे 368 ग्रॅम आणि एका पिशवीत सुमारे 52 ग्रॅम भरले पाहिजे. एकूण वजनापेक्षा पिशव्यांतला आपसातला फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एखादी पिशवी सतत हलकी भरत असेल तर तो रोलर झिजलेला आहे किंवा त्याच्या बाजूची पट्टी सरकली आहे, आणि त्या ओळीत हंगामभर नांग्या (रोप नसलेल्या मोकळ्या जागा) दिसतील.

शेतात प्रत्यक्षात चाक थोडे घसरते, त्यामुळे बी हिशेबापेक्षा कमी पडते. चाकावर खडूने खूण करून पेरणीच्या स्थितीत 20 फेऱ्यांना किती अंतर जाते ते टेपने मोजावे. 25 ऐवजी 27 मीटर भरले, तर तेवढ्या क्षेत्रासाठी 397 ग्रॅम पडायला हवे, आणि काटा त्याप्रमाणे वाढवून घ्यावा.

अंतराविषयी माझे मत 30 सेंमीच्या बाजूने आहे. शंभर दाण्यांचे वजन 18 ग्रॅम धरले तर हेक्टरी 70 किलो बियाण्यात सुमारे 3 लाख 89 हजार दाणे येतात. 30 सेंमीच्या ओळीत ते मीटरला 12 पडतात, म्हणजे उगवण धरून दोन रोपांत साधारण 10 सेंमी राहतात. तेच बियाणे 45 सेंमीच्या ओळीत टाकले की मीटरला 17 ते 18 दाणे पडून रोपे एकमेकांना खेटतात आणि दोन ओळींमधली जमीन मात्र उघडी राहून ओल गमावते. सोयाबीनचे अंतर बदलायला फणांचे क्लॅम्प सरकवण्याचा अर्धा दिवस जातो, पण तो द्यावा.

कुटारवाला (जि. वाशिम) यांचे उत्तर

वाफसा साहेबांनी यंत्राचे सगळे सांगितलेच आहे, मी काड आणि जमीन यांविषयी लिहितो.

उभे धसकट आणि मोकळे पडलेले कुटार (तुम्ही म्हणता ती गुळी) या दोन वेगळ्या अडचणी आहेत. सोयाबीनचे उभे धसकट मुळाने धरलेले असते, फण त्याच्या शेजारून निघून जातो. मोकळे कुटार मात्र फणापुढे साचते, त्याचा गोळा होतो, गोळा यंत्र उचलून धरतो आणि त्या जागी बी मातीवरच पडते. आपल्याला उघडे दिसलेले बियाणे गुळीच्या पट्ट्यांतलेच असणार, हे मी न पाहता सांगू शकतो. त्यामुळे खरी तयारी काढणीच्या दिवशीच करावी लागते. हार्वेस्टरवाल्याला मागे भुसा पसरवणारी जोडणी लावायला सांगावी, ती नसेल तर पट्टा वाळल्याबरोबर काट्याने विस्कटून द्यावा किंवा जनावरांसाठी गोळा करून घ्यावा. पेटवून मात्र देऊ नये. तो मातीचा घास आहे, आणि आपल्या भागातल्या जमिनींचा सेंद्रिय कर्ब आधीच इतका खाली गेला आहे की एका पट्ट्याचे कुटार जळाले तरी मला त्याची हळहळ वाटते.

यंत्र घेताना किंवा दुरुस्त करताना फण दोन रांगांत मागे-पुढे बांधलेले आहेत का, हेही पाहावे. 30 सेंमी अंतराचे सातही फण एकाच पट्टीवर असतील तर काड निसटायला जागाच राहत नाही. दोन रांगा केल्या की एका रांगेतल्या शेजारच्या फणांत 60 सेंमीची मोकळीक मिळते आणि पुष्कळसे काड मधून निघून जाते.

पंजाब-हरियाणात भाताच्या धसकटांत गहू विना नांगरट पेरण्यासाठी उलट्या टी आकाराच्या अरुंद फणांची यंत्रे वापरली जातात. तिथेही मोकळ्या काडाने हाच त्रास दिला, म्हणून फणांपुढे फिरती पाती बसवलेले हॅपी सीडर आले. आपल्या सोयाबीनचे काड भाताच्या काडाइतके चिवट नाही आणि तितके जास्तही नसते. त्यामुळे आपल्याला त्या यंत्राची गरज नाही, कुटार पसरले तरी काम भागते, असे माझे ठाम मत आहे.

वखरपाळीच्या बाबतीत मी जमिनीकडे पाहून ठरवतो. काढणीच्या वेळी पाऊस झाला आणि हार्वेस्टरच्या चाकांनी रान दाबले गेले असेल, किंवा तण राहिले असेल, तर एक उथळ वखरपाळी देतो आणि तिच्या मागोमाग त्याच दिवशी पेरतो. रान स्वच्छ आणि भुसभुशीत असेल तर वखरही लावत नाही. रोटाव्हेटर मात्र मी हरभऱ्यापुढे कधीच लावू देत नाही, कारण त्याने वरची माती पिठासारखी होऊन एका उन्हात कोरडी पडते, फण नको तितका खोल बुडतो आणि बी ओलीला टेकले तरी त्याच्याभोवती माती घट्ट बसत नाही.

मांजराकाठ (जि. लातूर)

दोघांचेही मनापासून आभार. गुळीच्या पट्ट्यांविषयीचे अनुमान अगदी बरोबर आहे, उघडे बियाणे त्याच ठिकाणी होते.

आणखी दोन शंका आहेत. आम्ही बियाण्याला ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम लावतो, ते ओलसर बी पेटीत अडकते असे वाटते. आणि डीएपी खत बियाण्याबरोबर एकाच बुटातून (फणामागे नळी जिथे संपते त्या तोंडातून) पडते, त्याने उगवणीला बाधा येते का? रिकाम्या गेलेल्या ओळीचे कारणही अजून उलगडलेले नाही.

तास-बाय-तास (भाड्याने पेरणी, जि. जालना) यांचे उत्तर

रिकाम्या ओळीबद्दल मी सांगतो, कारण हंगामात आमचे सगळे लक्ष त्याच गोष्टीवर असते.

अर्धे तास रिकामे जाऊन पुढे ओळ आपोआप सुरू झाली असेल, तर फणामागच्या बुटात माती भरली होती आणि पुढे ती सुटली, असे समजावे. बूट भरतो तो बहुतेक वेळा बांधाशी वळताना. ट्रॅक्टर उभा असताना यंत्र खाली सोडले की फण सरळ खाली रुततो आणि ओली माती बुटाच्या तोंडात दाबली जाते. ट्रॅक्टर थोडा जरी मागे सरकला तरी तेच होते. यंत्र नेहमी ट्रॅक्टर पुढे चालू लागल्यावरच खाली सोडावे आणि फण जमिनीत असताना कधीही मागे घेऊ नये. काळ्या जमिनीत वाफसा (पेरणीजोगी ओल) पुरता आलेला नसताना पेरायला घेतले, तर कितीही जपले तरी बूट भरणारच. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून टाकावा. तो फुटला तर पेरावे, न फुटता चपटा झाला तर थांबावे. चिकट ओलीत फणाने काकराच्या (फणाने पडलेल्या चरीच्या) भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, माती परत आत पडत नाही आणि ऊन लागले की काकर उघडे पडून बी भाजते.

नळ्या पारदर्शक बसवून घ्या. काळ्या नळीतून बी पडते की नाही हे कळत नाही, पारदर्शक नळीत मागून चालणाऱ्या माणसाला ते सहज दिसते. माझ्या यंत्रामागे एक माणूस कायम चालतो, त्याची मजुरी मी भाड्यातच धरतो आणि त्यावर घासाघीस करू देत नाही. त्याच्या हातात तारेचा आकडा असतो, नळी थांबल्यासारखी वाटली की तो हाक देतो आणि त्याच जागी ती मोकळी करून पुढे जातो.

वेगाबद्दलही लिहिले पाहिजे. ताशी 4 किलोमीटरच्या आसपास चालवले तर काकरातली माती काकरातच राहते. त्याहून फार पळवले की मागच्या रांगेतले फण माती उडवून पुढच्या रांगेच्या ओळींवर टाकतात, आणि यंत्र नीट लावलेले असूनही एकाआड एक ओळ खोल गाडली जाते. मालक घाई करतात, शेजारचा ट्रॅक्टर पुढे गेला म्हणून चालकही वेग वाढवतो, पण हरभऱ्याचे बियाणे किती महाग आहे याचा विचार करून चालकाला आधीच सांगून ठेवावे.

वाफसा (कृषी अभियांत्रिकी, परभणी)

तास-बाय-तास भाऊंनी सांगितलेली वळणावरची काळजी फार मोलाची आहे. एकाआड एक ओळ खोल जाण्याचे कारण टॉप लिंकशिवाय वेगही असू शकतो, ही भर त्यांनी योग्य घातली. टॉप लिंक बिघडलेली असेल तर सावकाश चालवूनही फरक राहतो, वेगामुळे असेल तर वेग उतरवला की जातो, यावरून दोन्हींतला भेद ओळखता येईल.

बीजप्रक्रियेविषयी क्रम असा ठेवावा, की आधी बुरशीपासून संरक्षण देणारी ट्रायकोडर्माची प्रक्रिया, नंतर रायझोबियम, आणि मग बियाणे सावलीत गोणपाटावर पसरून ते हाताला चिकटणार नाही इतके सुकवावे. उन्हात सुकवल्यास लावलेले जिवाणूच मरतात. ओलसर बी खाचांत चिकटून प्रमाण कमी होते, शिवाय रोलरखाली चेंगरते. म्हणून वर सांगितलेली 20 फेऱ्यांची मोजणी प्रक्रिया केलेल्या आणि सुकलेल्या बियाण्यावरच करावी, कोऱ्या बियाण्यावर केलेला हिशेब शेतात जुळत नाही. खाचांच्या रोलरला सोयाबीनचे पातळ टरफल हरभऱ्यापेक्षा फार लवकर बळी पडते. पिशवीत जमलेल्या बियाण्यात फुटलेली डाळ दिसली, तर रोलर आणि त्याखालच्या पट्टीतली फट दाण्याच्या मानाने वाढवून घ्यावी. पुढेमागे यंत्र बदलायचे झाल्यास तिरप्या चकतीने एकेक दाणा उचलणारे घ्यावे, असे मी सुचवीन.

खताबाबत, हरभऱ्याला हेक्टरी 125 किलो डीएपी आणि 50 किलो म्युरेट ऑफ पोटॅश ही नेहमीची मात्रा आहे. ते बियाण्याला चिकटून पडणे इष्ट नाही, विशेषतः ओल बेताची असताना, कारण खत विरघळताना बियाण्याजवळचे पाणीच ओढते. ते बियाण्याच्या सुमारे 5 सेंमी बाजूला आणि थोडे खाली पडावे. आपल्या बुटात खताची नळी पुढे आणि बियाण्याची मागे अशी दोन तोंडे असतील, तर खत आधी खाली पडून त्यावर थोडी माती ढासळते आणि नंतर बी पडते. एकच तोंड असेल तर खताची नळी काढून पुढच्या बाजूला वेगळी जोडून घ्यावी. युरिया मात्र बियाण्याच्या काकरात मुळीच टाकू नये. खताचेही वजन त्याच 20 फेऱ्यांत तपासता येते. डीएपीच्या 125 किलोसाठी सातही नळ्यांतून मिळून सुमारे 656 ग्रॅम पडायला हवे. खत दमट असेल तर हा आकडा दुपारपर्यंत बदलतो, म्हणून पेटी संध्याकाळी रिकामी करून पुसून ठेवावी. खताच्या पेटीतले रोलर गंजून अडकतात ते याच एका आळसामुळे.

वखरपाळीच्या प्रश्नावर माझे आणि वाशिमच्या भाऊंचे मत जवळजवळ एकच आहे, फक्त कोरडवाहू आणि बागायती असा भेद मी करीन. कोरडवाहू हरभरा साधारण 20 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबरच्या दरम्यान पेरायचा असतो आणि त्या वेळी जमिनीतली ओल हीच सगळी शिल्लक असते, तेव्हा रान दाबले गेलेले नसेल तर कोणतीही पाळी न देता फण 8 ते 10 सेंमीपर्यंत घालून पेरावे. ज्यांना एखादे पाणी देता येते आणि जे 20 ऑक्टोबरनंतर पेरतात, त्यांनी उथळ वखरपाळी देऊन 5 सेंमीवर पेरले तरी चालते. दोन्ही बाबतींत यंत्राच्या मागे साखळी किंवा हलकी फळी बांधून काकर बुजवावे, कारण भारी काळी जमीन सुकताना आकसते आणि न बुजलेले काकर सर्वांत आधी भेगाळते. फळी जड नसावी, ती गुळी ओढत नेऊ लागली तर काढून साखळी लावावी.

मांजराकाठ (जि. लातूर)

साखळी लोहाराकडे बनवायला दिली आहे आणि चाकोरीतल्या दोन फणांचे क्लॅम्पही सैल करून पाहिले, ते गंजले होते पण सुटले. बुटाला एकच तोंड आहे, त्यामुळे खताची नळी पुढे घेण्याचे कामही त्याच्याकडेच सोपवतो. हार्वेस्टरवाल्याशी भुसा पसरवण्याच्या जोडणीबद्दल बोलणे झाले असून ती त्याच्याकडे आहे, फक्त कोणी मागत नाही म्हणून लावत नव्हता. उगवण झाल्यावर सातही ओळींतली रोपे उकरून पांढऱ्या देठाची मापे इथेच लिहीन.